नाला काढा, पण तळ्याचा उंबरा सांभाळून

मे महिना लागला की आमच्या भागात दोन गोष्टी हमखास दिसतात, एक म्हणजे आंब्याच्या गाड्या आणि दुसरं म्हणजे नाल्यात उतरलेला जेसीबी. गेल्या साली भात बुडालेलं असतंय, पंचायतीत आरडाओरडा झालेला असतोय, मग कुणीतरी तासावर मशीन आणतंय आणि ड्रायव्हरला सांगतंय, काढ सरळ, जेवढं खोल जाईल तेवढं जाऊ दे. ड्रायव्हर बिचारा काय बोलणार, त्याला तास मोजायचे असतात. मी हे लिहायला बसलोय कारण हेच मी स्वतः केलंय, डिप्लोमा सिव्हिल झालेला, दहा वर्षं साईटवर सुपरवायझर म्हणून काढलेला माणूस असून केलंय.

आमचं गाव बेळगाव-खानापूर पट्ट्यातलं. वरच्या अंगाला लाल मातीचा माळ, खाली काळी भातशेती, आणि दोन्हीच्या मधे वीसेक एकर खोलगट भाग जिथं जूनपासून फेब्रुवारीपर्यंत पाणी असायचं. कुणी त्याला तळं म्हणायचं कुणी दलदल, थोडं गायरान थोडं खासगी, पण नांगर कुणी घालत नव्हतं कारण बैल रुतायचे. लव्हाळा, पाणकणीस, म्हशी, पोरांचे गळ आणि दिवाळीनंतर बदकं एवढंच तिथं. तळ्याच्या काठावरच्या आठ-दहा जणांची रोपं मात्र दर जुलैला कुजायची, त्यात आमची पण, म्हणून मी पुढाकार घेतला आणि तळ्याच्या तोंडातनं पाच फूट खोल चर मारून सरळ खालच्या नाल्याला जोडून दिला. पहिल्या मोठ्या पावसात पाणी अर्ध्या दिवसात गायब. लोकांनी बोलावून चहा पाजला.

आठ दिवसांनी खालच्या शिवारातले तात्या आले. म्हणाले, "बाळ, तुझं पाणी गेलं ते बरंच झालं बघ, पर ते आलं कुठं ते बघायला ये की जरा." गेलो. त्यांच्या तीन ताली, म्हणजे शेताचे मातीचे बांध, फुटलेल्या, इंटान भाताच्या रोपावर वीतभर रेती बसलेली, आणि बांधावर काकी नुसत्या उभ्या. बोलल्या काहीच नाहीत, त्याचंच जास्त लागलं. पुढं फेब्रुवारीत काठावरच्या विहिरी तळाला गेल्या ज्या आधी एप्रिलपर्यंत टिकायच्या, आणि भातानंतर ओलीवर टाकलेला मसूर फुलात असतानाच जमीन भेगाळली. म्हणजे पावसाळ्यात खालच्यांना बुडवलं आणि उन्हाळ्यात वरच्यांना तहानलेलं ठेवलं, एकाच चरानं. दोन वर्षांनी तोच चर दगडानं अडवून नीट केला, ते कसं केलं तेच खाली सांगतोय.

आधी एक पावसाळा नुसतं बघा

मशीन आणायची घाई करू नका. जूनच्या आधी शेतातल्या विजेच्या खांबावर, बांधावरच्या जांभळाच्या बुंध्यावर ऑईल पेंटनं अर्ध्या अर्ध्या फुटावर रेघा मारा आणि मोठा पाऊस झाला की मोबाईलवर फोटो काढून ठेवा, तारीख आपोआप येते. पाऊस मोजायला सरळ बाजूंचा प्लॅस्टिकचा डबा आणि पट्टी बास, वर निमुळता असलेला डबा नको, आकडा चुकतो. शेजारच्या गावात किती पडला ते आपल्या उपयोगाचं नाही, आमच्या जिल्ह्यात कणकुंबीला जो पाऊस पडतो आणि अथणीला जो पडतो त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, खानापूरच्या एका टोकाला छत्री उलटी होते आणि दुसऱ्या टोकाला ऊन असतंय.

रोप लावणाऱ्या बायकांना आवर्जून विचारा. कुठं गुडघाभर लागतंय, कुठं पाय थंड पडतात म्हणजे खालनं झरा आहे, कुठं खेकड्यानं ताल पोखरलीय, हे त्यांना जेवढं माहीत असतंय तेवढं नकाशाला नसतंय. आणि फेब्रुवारीत परत एक चक्कर मारा, पाणी शेवटी कुठं उरतंय ते बघायला. जिथं शेवटी उरतं तो तुकडा सोडायचा, तिथं मशीन घालायचं नाही, कारण उन्हाळ्यात मरळ, बेडकं, गोगलगायी तिथंच तग धरतात आणि जूनमधे परत सगळ्या शिवारात पसरतात.

लेव्हल बघायला डंपी (लेव्हल मोजायची दुर्बीण) मिळाली तर उत्तम, नाहीतर गवंड्याची पारदर्शक पाईप घ्या, पन्नास फुटी, आत हवेचा एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही, दोन्ही टोकांचं पाणी स्थिर व्हायला पाच मिनिटं द्यायची. दोघं जण आणि एक सकाळ एवढ्यात अख्ख्या तळ्याच्या तोंडाची लेव्हल मिळते. आम्ही पहिल्यांदा केलं तेव्हा कळलं की जे तोंड आम्ही सगळ्यात खालचं समजत होतो त्याच्यापेक्षा दुसरीकडं चार इंच खाली जागा होती, जुना ओढा तिकडनंच जात होता आणि कुणाच्या तरी आजोबांनी तो बुजवला होता.

पाणी किती येतंय ते हातावर काढा

हे गणित सोप्पं आहे, घाबरू नका. एक एकरावर तासाला एक इंच पाऊस पडला आणि सगळाच्या सगळा वाहून आला तर बरोबर एक क्युसेक पाणी होतं, म्हणजे सेकंदाला एक घनफूट, २८ लिटर, दोन मोठ्या घागरी म्हणा. पण सगळं वाहून येत नाही, थोडं मुरतं. गवताचा माळ असेल तर दहातलं तीन-चार भाग येतं, घरं-रस्ते-फरशी असेल तर आठ भाग. आमच्या वरच्या माळाचे १०० एकर, जोराचा पाऊस तासाला २ इंच धरला, गवताचा माळ म्हणून ०.४ नं गुणलं, झालं ८० क्युसेक.

आता गंमत बघा. ८० क्युसेक तासभर वाहिलं तर २ लाख ८८ हजार घनफूट, म्हणजे साधारण ८१ लाख लिटर. हेच पाणी २० एकराच्या तळ्यात पसरलं तर किती चढेल? ४ इंच. फक्त चार इंच. ज्या पाण्यानं तात्यांच्या तीन ताली फोडल्या ते पाणी आमच्या तळ्यात पोरीच्या पैंजणाएवढंही चढलं नसतं. पाच फुटी चर मारून मी ही चार इंचाची सोय घालवली होती.

भाताच्या शेताचंही तसंच, एका एकरात नेहमीपेक्षा चार इंच जास्त पाणी धरून ठेवलं तर ४ लाख लिटर थांबतंय. म्हणून ताल मजबूत करणं, नऊ इंच ते फूटभर उंच ठेवणं आणि ताल फोडून पाणी खालच्याच्या डोक्यावर न सोडता ठरलेल्या तोंडातनं सोडणं, ह्यालाच मी पहिलं इंजिनिअरिंग म्हणतो, पैसे लागत नाहीत फक्त शेजाऱ्याशी बोलणं लागतंय (तेच अवघड आहे, माहीत आहे मला).

एक इशारा, वरच्या माळावर ले-आउट पडला तर गणित बदलतं. अर्ध्या माळावर घरं आणि रस्ते झाले की त्याच १०० एकरातनं ८० च्या जागी १२० क्युसेक यायला लागतं, पाऊस तेवढाच असून. शहराजवळच्या गावांनी हे आत्ताच धरून चालावं. बेळगावच्या बळ्ळारी नाल्याच्या काठानं शहापूर, वडगाव, येळ्ळूरकडची शेतकरी मंडळी दर पावसाळ्यात बघतात की पाऊस थांबला तरी शेतातलं पाणी हलत नाही, वरनं शहराचं पाणी, मधे केंदाळ (पाण्यावर तरंगणारी जलपर्णी) आणि गाळ. ती काळी जमीन, तिथला बासमती, सगळं त्या एका नाल्याच्या भरवशावर.

उंबरा, म्हणजे सगळ्या कामाचा जीव

तळ्याच्या तोंडावर दगडाचा एक आडवा उंबरा बसवायचा. त्याच्या माथ्याखालचं पाणी तळ्याचं, माथ्यावरचं पाणी नाल्याचं. कामाचं मर्म एवढंच आहे, आणि म्हणून उंबऱ्याची उंची ठरवताना गावातल्या तिघांना सोबत घ्या, काठावरचा शेतकरी, खालचा शेतकरी आणि ज्याची विहीर जवळ आहे तो. काठावरच्याची रोपं ज्या लेव्हलला कुजतात त्याच्या निदान फूटभर खाली माथा यायला पाहिजे आणि तळ्यात उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत गुडघाभर तरी पाणी राहायला पाहिजे, ह्या दोन्हीच्या मधे जागा शोधायची. आमच्यात चराच्या तळापासून अडीच फुटावर जमलं.

रुंदीत कंजूसपणा करू नका, सगळे इथंच चुकतात. उंबरा जेवढा रुंद तेवढं त्याच्यावरचं पाणी पातळ. १८ फूट रुंद उंबऱ्यावरनं ८० क्युसेक जायला साधारण सोळा इंच पाणी चढतं. तोच उंबरा ६ फूट ठेवला तर तेवढ्याच पाण्याला अडीच फुटाच्या वर चढावं लागतं, म्हणजे काठावरच्या शेतात पाणी गेलंच म्हणून समजा, शिवाय तेवढ्या उंचीवरनं पडणारं पाणी खाली खड्डा पाडतंय तो वेगळा. काठावरच्यांना वाटतंय उंबरा घातला म्हणून बुडालो, खरं तर तो अरुंद घातला म्हणून बुडालेले असतात.

बांधायचा कसा? सिमेंटची भिंत उभी करू नका असं माझं मत आहे, काही इंजिनिअर लोक चिडतील. काळ्या मातीत भिंत बसत नाही, उन्हाळ्यात माती आकसते पावसाळ्यात फुगते, दोन वर्षांत तडा. त्यापेक्षा दीड-दोन फूट खोल खंदक मारून त्यात चिकणमाती ठोकून भरायची, वर हातानं रचलेला मोठा दगड, फुटाच्या आसपास, एकेक दगड उभा रोवायचा, आडवा पसरायचा नाही, फटीत बारीक दगड ठोकायचे. खालच्या बाजूला पाणी पडतं तिथं उंचीच्या पाच-सहा पट लांबीपर्यंत तसलाच दगडाचा बिछाना करायचा. आणि दोन्ही कडांना दगड काठात निदान तीन-चार फूट घुसवायचा, नाहीतर पहिल्या पुरात पाणी उंबऱ्याला वळसा घालून काठ खात जातं आणि उंबरा मधे एकटा उभा राहतोय शहाण्यासारखा.

उंबऱ्याच्या एका कडेला उतार अगदी सपाट ठेवा, दहा फुटाला एक फूट, आणि त्यात दगड ओबडधोबड मुद्दाम वर आलेले ठेवा. जूनच्या पहिल्या लोंढ्यात मासे खालनं वर चढतात अंडी घालायला, चढणीचे मासे म्हणतात तेच, त्यांना सरळ दीड-दोन फुटाची उडी जमत नाही. ह्या उतारावरनं दगडाआड थांबत थांबत चढतात. आमच्या पोरांना आता तिथंच मासे धरायचे असतात, त्यांना दम दिलाय की पहिले पंधरा दिवस हात लावायचा नाही, किती ऐकतात ते देव जाणे.

माणसानं बांधलेल्या अडथळ्यातनंच चांगली पाणथळ तयार होते हे कुणाला पटत नसेल तर गोकाक तालुक्यात धूपदाळला जाऊन या. १८९७ सालचा बंधारा, कालव्यासाठी बांधलेला, त्याच्या मागं उथळ पाणी आणि गाळाची बेटं तयार झाली आणि १९७४ साली ते घटप्रभा पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झालं, २९.७८ चौरस किलोमीटर. थंडीत तिथं कांड्या करकोचे उतरतात. बंधारा शेतीसाठीच होता आणि अजून आहे, पण पाणी ठरावीक लेव्हलला उथळ राहिलं म्हणून पक्ष्यांचंही भागलं.

नाल्याची छाती आणि मोऱ्या

उंबऱ्याच्या खालचा नाला रुंद करायला माझी हरकत नाही, पण काठ उभे कापू नका. काळ्या मातीत एकाला दोन असा तिरपा उतार पाहिजे, म्हणजे फूटभर खोल गेलात तर काठ दोन फूट बाहेर. खानापूरकडच्या जांभ्या मातीत जरा उभा चालतो. नाला नागमोडी असेल तर नागमोडीच राहू द्या, सरळ केला की पाण्याचा वेग वाढतो आणि उघडी माती सेकंदाला दोन फुटाच्या पुढं वेग गेला की सुटायला लागते, गवत असेल तर चार-पाच फुटापर्यंत धरून ठेवते. म्हणून खोदल्यावर लगेच, म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यातच, काठावर वाळा लावायचा, वीतभर अंतरानं एक रांग आडवी. करंज, उंबर, जांभूळ वरच्या बाजूला. निलगिरी तळ्याजवळ नको. आणि एकाच काठावरची झाडी साफ करा, दुसरा काठ तसाच सोडा, मशीनला एकच बाजू पुरते, धीवराची बिळं, मुंगसं, सगळं दुसऱ्या काठात टिकतंय.

आता मोऱ्या. प्रत्येक जण आपल्या शेतात ट्रॅक्टर जायला नाल्यात दोन फुटी पाईप टाकतो आणि वर मुरूम. दोन फुटी पाईपातनं भरून वाहिलं तरी २० क्युसेक जातं, तीन फुटीतनं ४५. आमच्या ८० क्युसेकला एक दोन फुटी पाईप म्हणजे बैलगाडीला सायकलचं चाक. तीन फुटी दोन टाका, दोन फुटी चार टाकू नका, हिशेब सारखा दिसतो पण बारक्या पाईपात केंदाळ आणि प्लॅस्टिक अडकतंय आणि चारही तुंबतात. पाईपाचा तळ नाल्याच्या तळापेक्षा अर्धा फूट खाली ठेवा, आत गाळ बसून तळ तयार होतो आणि खेकडे-मासे त्यातनं जातात. आणि जमलं तर मोरी न करता नुसती फरशी करा, म्हणजे पुराचं पाणी वरनं जाईल असा सपाट दगडी रस्ता, पुराच्या दोन दिवसांत ट्रॅक्टर नाही गेला तर काय बिघडतंय?

गाळ आणि केंदाळ

गाळ काढताना तळ्याचा खालचा निळसर-काळा चिकट थर फोडायचा नाही, तो फुटला की तळं गळतं, मग कितीही पाऊस पडो. वरचा मऊ गाळ तेवढा काढायचा. अर्धं तळं यंदा, अर्धं पुढच्या साली. मार्च-एप्रिल बरा, पण टिटवी तेव्हाच उघड्यावर अंडी घालते, मशीनच्या पुढं एक माणूस चालत ठेवा आणि तिची जागा दिसली की चार खुंट्या ठोकून तेवढा तुकडा सोडा. सगळीकडं सारखी खोली करू नका, एक बाजू अशी उथळ ठेवा की पाच-सहा फूट आत गेलं तरी घोट्याएवढंच पाणी, बगळे, चमचे, तुतारी सगळे तिथंच चरतात आणि म्हशीही तिथनंच उतरतात. पाणकणसाचा एक तृतीयांश भाग ठेवा, त्यात जांभळी पाणकोंबडी घरटं करते.

काढलेला गाळ काठावर ढीग करून ठेवायचा नाही हे सांगायची गरज नसावी, पण बघतो तर दर साली तेच, जूनमधे परत नाल्यात.

केंदाळ हातानं काढणं हाच उपाय, खालच्या टोकाकडनं सुरू करून वर जायचं, फुलं यायच्या आधी, आणि निदान दहा फूट लांब नेऊन टाकायचं. पोषक पाण्यात ते दोनेक आठवड्यांत दुप्पट होतं, म्हणून थोडं राहिलं तर राहू दे असं चालत नाही. तणनाशक मारू नका, एकदम कुजलं की पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे वर येतात पोट दाखवत. शेणात मिसळून खड्ड्यात घातलं की खत बरं होतं. पण गटाराचं पाणी येत राहिलं तर केंदाळ परत येणारच, त्यासाठी गटार तळ्यात मिळतं तिथं आधी एक गाळाचा खड्डा आणि पुढं पाणकणसाचा पट्टा, पाणी त्यातनं हळू झिरपत यायला पाहिजे.

कागद

भूमी ह्या सरकारी वेबसाईटवरनं जमिनीचा उतारा काढा आणि त्यात ब खराब किती ते बघा, नाला-ओढा-वाट त्यातच येते आणि ती सार्वजनिक जमीन असते, बुजवायचा अधिकार कुणाला नाही. दिशांक ॲपवर जागेवर उभं राहून सर्व्हे नंबर दिसतो, अंदाजाला ठीक आहे, वाद असेल तर मोजणीच करून घ्या. उतारा कानडीत येतोय, ज्याला नीट वाचता येतंय त्याला जवळ बसवा, आमच्यात शाळेतली पोरं वाचून दाखवतात आणि त्याचे चॉकलेटचे पैसे घेतात.

पंचायतीचा ठराव पीडीओंकडनं (पंचायत विकास अधिकारी) लेखी घ्या. मोठं तळं असेल तर ते कुणाकडं आहे ते विचारा, कर्नाटकात ४० हेक्टरपर्यंत भिजवणारं तळं जिल्हा पंचायतीकडं असतं आणि त्याच्या वरचं लघुपाटबंधारेकडं. जंगलाच्या हद्दीत, भीमगडच्या बाजूला वगैरे, वनखात्याच्या परवानगीशिवाय मशीन नेऊ नका. २०१७ च्या पाणथळ नियमांत जाहीर झालेल्या पाणथळीत भराव, कचरा, सांडपाणी आणि पूररेषेपासून ५० मीटरच्या आत पक्कं बांधकाम ह्याला बंदी आहे, पण त्याच नियमांच्या व्याख्येतनं नदीपात्र, भातशेती आणि सिंचनासाठी बांधलेली तळी वगळलीत. म्हणजे आमच्यासारख्या शिवारातल्या तळ्याला कायदा आपोआप वाचवेल ह्या भ्रमात राहू नका, पंचायतीच्या दप्तरात ते तळं म्हणून नोंदवून घ्या.

नदीकाठच्यांनी वेगळं बघायचं

निपाणी-चिकोडीकडं वेदगंगा, दूधगंगा, कृष्णेच्या काठावर वरचं सगळं जसंच्या तसं चालत नाही. तिथं माळाचं पाणी कमी आणि नदीची फूग जास्त. २०१९ च्या ऑगस्टमधे आणि २०२१ च्या जुलैत जे पाणी आलं ते ओढ्यातनं उलटं वर चढलं, तेव्हा ओढा रुंद केल्यानं नदीलाच वाट मोकळी होते. अशा ओढ्याच्या तोंडावर पाईपाला खालच्या बाजूनं उघडणारी लोखंडी झडप बसवतात, नदी चढली की ती दाबानं आपोआप बंद. त्यात काटकी अडकली की उघडीच राहते म्हणून जूनमधे दोनदा तपासा. आणि काठाच्या मळ्या, जिथं पूर आला की पाणी पसरतंय, तिथं भराव घालून ऊस वर उचलू नका, तेवढंच पाणी समोरच्या काठाच्या गावात जातंय.

तिथल्या लोकांना बरगे, म्हणजे बंधाऱ्याच्या गाळ्यात पाणी अडवायला घालायच्या फळ्या, नवीन नाहीत. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला पावसाळा संपला की बरगे घालतात आणि जूनच्या आधी काढतात, न काढता राहिले तर पहिल्या लोंढ्यात नदी बंधाऱ्याच्या कडेनं काठ फोडून फिरते. आम्ही तीच युक्ती बारीक करून उंबऱ्यात घातली. १८ फुटातली मधली ३ फूट जागा खाली ठेवली, दोन बाजूंना लोखंडी खाच आणि त्यात सागाच्या चार फळ्या, प्रत्येक सहा इंची. कापणीच्या वेळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात काठावरच्यांना शेत सुकायला हवं असतंय, तेव्हा वरच्या दोन फळ्या काढायच्या, रोज एक, एकदम नाही. कापणी झाली की परत घालायच्या, तळ्यात मसुरापुरती ओल राहते. खालच्या दोन कधीच काढायच्या नाहीत, त्यांना आरपार बोल्ट मारलाय आणि बोल्टचं डोकं ठोकून चपटं केलंय, पाना बसत नाही.

फळ्या काढायचा हुक तात्यांच्या घरी असतो. हे मुद्दाम केलं. पाणी सोडलं तर पहिल्यांदा त्यांच्याच शेतात जाणार, म्हणून हुक त्यांच्याकडं. काठावरचा कुणी घाईला आला तर तात्या विचारतात, "खालच्या चौघास्नी फोन केलासा काय?" नसेल केला तर चहा मिळतोय, हुक मिळत नाही.

पहिल्या मोठ्या पावसानंतर सकाळी जाऊन उंबऱ्याच्या पायथ्याचे दगड बघा, एखादा हललेला असणारच. तो त्याच दिवशी उभा रोवून फटीत बारीक दगड ठोका, दुसऱ्या पावसापर्यंत थांबलात तर शेजारचे चार पण गेलेले असतात.